एका रात्रीचं बुकिंग

सॅन फ्रान्सिस्कोहून पूर्वेला निघायचं, खाडीवरचा पूल ओलांडायचा, ओकलंड मागे टाकायचं आणि बर्कलीच्या टेकड्यांखालून जाणाऱ्या काल्डेकॉट बोगद्यात शिरायचं. बोगद्यातून बाहेर पडताच ऑरिंडा लागतं. वीसेक हजार वस्तीचं सधन गाव. ओकच्या झाडांत, उतारांवर विखुरलेली घरं, अरुंद वळणांचे रस्ते. गुरुवार, ३१ ऑक्टोबर २०१९ रोजी रात्री अकरा वाजायच्या आत इथल्या एका चार बेडरूमच्या घरात गोळीबार झाला आणि पाच जणांचा जीव गेला. सगळे १९ ते २९ या वयातले.

घर एअरबीएनबी या अल्पमुदतीच्या घरभाड्याच्या संकेतस्थळावरून एका रात्रीसाठी भाड्याने दिलेलं होतं. मालक तिथे राहत नव्हता.

गोळी कोणी आणि का झाडली हा पोलिसांच्या तपासाचा विषय आहे, त्यात मी शिरणार नाही. मला मोजायचे आहेत ते गोळीच्या आधीचे तास, कारण घर भाड्याने देणाऱ्याच्या हातात जे काही असतं ते याच तासांत असतं. ऑरिंडाच्या घरमालकाने फोनवरून करता येण्यासारखं जवळपास सगळं केलं. शंका घेतली, बजावलं, कॅमेऱ्यात पाहिलं, विचारलं, पोलिसांना कळवलं. तरी पार्टी थांबली नाही. त्या दारात उभं राहून पाहुण्यांची डोकी मोजणारं माणूस संध्याकाळपासून तिथे कुणीच नव्हतं. त्या रात्रीचा प्रत्येक तास मला याच एका उणिवेकडे घेऊन जातो.

सात महिने आधी

ऑरिंडात घर अल्पमुदतीच्या भाड्याने द्यायचं तर गावाकडे नोंद लागत होती आणि या घरात जास्तीत जास्त १३ माणसांना परवानगी होती. मार्च २०१९ मध्ये नगर प्रशासनाने या घराला नोटीस काढली. कारणं दोन : मर्यादेपेक्षा जास्त माणसं आणि बेकायदा पार्किंग. आवाजाचीही तक्रार आली होती. मालकाशी बोलून या तक्रारी सोडवल्या, असं गावच्या प्रशासनाने नंतर सांगितलं.

या ओळी वाचून बहुतेक जण पुढे जातात. मला इथे थांबावंसं वाटतं. मोठं घर, शांत रस्ता, मालक दुसरीकडे, संकेतस्थळावर सुंदर फोटो : ज्याला गर्दी जमवायची आहे तो अशीच जागा शोधतो. पहिल्या नोटिशीनंतर मालकाने तक्रारीच्या दिवशीचं जुनं बुकिंग उघडून बसायला हवं असतं. ते किती रात्रींचं होतं? किती दिवस आधी केलं होतं? माणसं किती सांगितली होती, गाड्या किती आल्या? पुढच्या वेळी फसवणाराही बहुतेक याच वाटेने येतो. तक्रार ‘मिटवताना’ हा हिशेब राहून जातो. दंड भरला जातो, शेजाऱ्याची क्षमा मागितली जाते आणि कॅलेंडर पुन्हा खुलं होतं.

आठवडाभर आधी

२३ ऑक्टोबरच्या रात्री उत्तरेकडच्या सोनोमा काउंटीत वणवा लागला. किंकेड फायर या नावाने तो ओळखला जातो. तो पूर्ण आटोक्यात यायला नोव्हेंबर उजाडला आणि तोवर ७७ हजार एकरांहून जास्त जमीन जळली. पावणेदोन लाखांहून जास्त लोकांना घरं सोडून निघावं लागलं. वाऱ्यात तारा तुटून नव्या आगी लागू नयेत म्हणून वीज कंपनीने भागच्या भाग अंधारात ठेवले, त्यात ऑरिंडाही होतं. धूर खाडीच्या काठाने दूरवर पसरला. बे एरियातल्या, म्हणजे या खाडीच्या परिसरातल्या, मराठी घरांत दिवाळी याच दिवसांत येऊन गेली. लक्ष्मीपूजन २७ तारखेला, भाऊबीज २९ला.

अशा आठवड्यात कुणी ‘आम्हाला धुरापासून दूर जायचं आहे’ असं म्हटलं, तर ऐकणाऱ्याचं मन आधी विरघळतं. संशय मागून येतो.

बुकिंग

मागणी करणाऱ्या बाईने सांगितलं होतं की तिच्या घरची डझनभर माणसं दम्याची आहेत आणि त्यांना वणव्याच्या धुरापासून लांब, मोकळ्या हवेत रात्र काढायची आहे. ३१ ऑक्टोबरला, हॅलोविनच्या सणाला, एकाच रात्रीची मागणी पाहून मालकाला शंका आली. घरात पार्टी चालणार नाही, अशी आठवण त्याने आधी करून दिली आणि मग बुकिंग घेतलं. गोळीबारानंतर बातम्यांतून पुढे आलेली हकिकत इतकीच आहे.

हा निरोप नीट वाचण्यासारखा आहे. मर्यादा १३ची, माणसं सांगितली १२. कारण आजाराचं. आजारी माणसांना नाही म्हणायला जीभ रेटत नाही. कारण ताजं आणि खरं वाटणारं, आकाश खरोखरच धुरकट होतं. पण त्यातच एक विसंगती आहे. धूर एका रात्रीत ओसरत नाही. बारा आजारी माणसांना घेऊन पळणारं कुटुंब दोन-तीन रात्रींची सोय बघतं. जिना आहे का, खिडक्या घट्ट बसतात का, हवा शुद्ध करणारं यंत्र आहे का, खाली झोपायची सोय आहे का, असं विचारतं. दुपारपर्यंत पोचायची घाई करतं. एका रात्रीची मागणी आणि दम्याचं कारण एकमेकांत बसत नाहीत. मालकाच्या मनात जे टोचत होतं ते बरोबर टोचत होतं.

मग त्याने होकार का दिला असेल? त्याच्या मनातलं मी सांगू शकत नाही, पण या धंद्यात होकाराकडे ढकलणाऱ्या गोष्टी सांगता येतात. रिकामी रात्र म्हणजे बुडालेलं भाडं. घेतलेलं बुकिंग होस्टने, म्हणजे घर देणाऱ्याने, मागाहून रद्द केलं तर तेव्हा त्याच्या पुढच्या पैशातून कपात होत असे, त्या तारखा अडकून पडत आणि रद्द केल्याची नोंद त्याच्या पानावर दिसत राही. म्हणून नकार द्यायचा तर तो आधीच द्यावा लागतो, हातात एक शंका आणि समोर एक निरोप एवढंच असताना.

नकाराला दुसरीही एक बाजू आहे आणि ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या संशोधकांनी एअरबीएनबीवर सारखीच माहिती देऊन फक्त नावं बदलून मागण्या पाठवल्या होत्या. आफ्रिकन-अमेरिकन वाटणाऱ्या नावांना होकार मिळायचं प्रमाण इतरांपेक्षा सुमारे १६ टक्क्यांनी कमी निघालं. त्यानंतर कंपनीने भेदभावाविरुद्ध नियम आणले आणि २०१८ मध्ये पाहुण्याचा फोटो होकारानंतरच होस्टला दिसेल असं ठरवलं. आपल्याकडे आडनाव विचारून घर नाकारणारे किती आहेत ते पुण्या-मुंबईत भाड्याने घर शोधलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. म्हणून ‘मनात पाल चुकचुकली’ एवढ्यावर नकार देणं मला मान्य नाही. शंका मागणीच्या आकारावर घ्यावी, माणसाच्या नावावर कधीच नाही. एक रात्र, सणाची तारीख, क्षमतेच्या काठावरचा आकडा, न जुळणारं कारण. एवढं सगळं एकत्र आलं की प्रश्न विचारायचा आणि उत्तर मिळेपर्यंत होकार द्यायचा नाही. हा नियम सगळ्यांना सारखा लागू करता येतो आणि त्यात कुणाचा अपमान नाही.

बजावणं मात्र पुरत नाही. ‘पार्टी चालणार नाही’ असं लिहिणाऱ्या होस्टला वाटतं की आपण फाटक लावलं. ज्याने खोटं बोलायचं ठरवलं आहे त्याला त्या वाक्याने कळतं ते एवढंच, की कुठली गोष्ट लपवायची आहे.

३१ ऑक्टोबर, दुपार

दुपारी काही घडलं नाही. घर भाड्याने देणाऱ्यासाठी मात्र सगळ्यात मोलाची वेळ हीच असते, चावी देण्याची.

पूर्वी चावी हातात द्यावी लागे. मालक किंवा त्याचं कुणीतरी दारात उभं असे, सामान आत जाताना पाहत असे, गॅस कसा लावायचा आणि गरम पाण्याचं बटण कुठे आहे ते दाखवत असे. त्या दहा मिनिटांत खूप काही कळायचं. आता आकडे दाबून उघडणारी कुलुपं आली आहेत. आकडा निरोपातून पाठवला की झालं. पाहुण्याला सोयीचं, मालकालाही सोयीचं. पण बारा दमेकरी आले की तीन तरुण आणि स्पीकरची खोकी, हे आकड्याच्या कुलुपाला कळत नाही.

दरम्यान समाजमाध्यमांवर ‘एअरबीएनबी मॅन्शन पार्टी’ अशी जाहिरात फिरत होती. नावातच सगळं होतं. ज्यांना यायचं होतं त्यांच्यापर्यंत ती पोचली. मालक, शेजारी, कंपनी, पोलीस, यांच्यातल्या कुणाला ती त्या दुपारी दिसली असती तर हा मजकूर लिहायची वेळ आली नसती. पण परक्या तरुणांच्या फोनवर काय फिरतं आहे हे पाहत बसणं एकट्या घरमालकाला कसं जमणार? ते ज्याच्याजवळ माणसं आणि यंत्रणा आहे त्यानेच करायचं काम आहे, आणि कंपनीजवळ दोन्ही होतं.

संध्याकाळी सहा ते नऊ

सूर्य सहाच्या सुमाराला मावळला. हॅलोविनच्या संध्याकाळी अमेरिकेतली मुलं मुखवटे आणि सोंगांचे कपडे घालून दारोदार खाऊ मागत फिरतात. रस्त्यावर अनोळखी चेहरे, थांबणाऱ्या गाड्या, मोठ्याने हसणं, सगळं त्या दिवशी स्वाभाविक असतं. गर्दी जमायला याहून चांगला आडोसा नाही. शेजाऱ्याने खिडकीतून पाहिलं तरी त्याला वाटणार, सण आहे.

इथे मला लोणावळ्याचे, कर्जतचे, अलिबागचे बंगले आठवतात. मालक मुंबईत किंवा पुण्यात असतो. बंगल्याच्या मागे एका खोलीत केअरटेकर राहतो, बऱ्याचदा बायकामुलांसह. फाटक तो उघडतो, पाण्याची टाकी तो बघतो, रात्री कोळसा संपला तर त्यालाच हाक मारतात. सात गाड्या आल्या की त्याला सात दिसतात, कुणी कॅमेरा बसवावा लागत नाही. ऑरिंडात नेमकी हीच जागा रिकामी होती. पण आपल्या केअरटेकरला आपण अधिकार काय देतो? बुकिंग मालकाने किंवा एजंटने परस्पर घेतलेलं असतं, पाहुणे किती हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं, आणि जास्त माणसं आली म्हणून त्याने अडवलं तर पाहुणे मालकाला फोन लावतात. मालक म्हणतो, ‘जाऊ दे रे, सोड.’ असा फोन एकदा झाला की तो माणूस पुन्हा कधी मोजत नाही. डोळे असतात, पण त्यांनी पाहिलेल्याला किंमत नसते.

सहा ते नऊ हे तास शांततेत सोडवायचे तास आहेत. पंधरा माणसं असताना ‘तुम्ही बारा म्हणाला होता’ असं म्हणता येतं. तीन गाड्या परत पाठवता येतात. पाहुणाही अजून शुद्धीत आणि थोडा ओशाळलेला असतो. पुढे आकडा वाढतो तसं बोलण्याचं वजन कमी होत जातं.

सव्वानऊच्या सुमारास

आवाजाची पहिली तक्रार पोलिसांकडे गेली. ऑरिंडाचं पोलीस दल लहान आहे, ते काउंटीच्या शेरिफच्या खात्याकडून कराराने चालतं. गावात एरवी गुन्हे तुरळक, आणि त्यात हॅलोविनची रात्र. आवाजाची तक्रार अशा रात्री तातडीच्या यादीत वर येत नाही आणि त्याबद्दल पोलिसांना दोष देणं मला बरोबर वाटत नाही. त्यांना ऐकू आलं ते ‘संगीत मोठं आहे’ एवढंच. घर एका रात्रीपुरतं भाड्याने दिलेलं आहे, मालक तिथे नाही, सांगितली होती बारा माणसं आणि आत कितीतरी जास्त आहेत, ही माहिती त्या फोनला जोडली गेली असती तर त्याचं गांभीर्य वेगळं दिसलं असतं. ती माहिती फक्त मालकाजवळ होती.

सव्वानऊ ते साडेदहा

शेजाऱ्यांनी मालकालाही कळवलं. मालकाच्या पत्नीने पाहुणीशी संपर्क साधला. उत्तर आलं : घरात बाराच जण आहेत. दाराच्या घंटीतला कॅमेरा वेगळं दाखवत होता. त्यात बारापेक्षा जास्त माणसं दिसत होती.

या घटनाक्रमातला माझ्यासाठी सगळ्यात जड क्षण हाच आहे. खोटं उघडं पडलं होतं. समोरच्या व्यक्तीच्या शब्दाला यापुढे अर्थ नव्हता, हे मालकाच्या घरच्यांना दिसत होतं. इथून पुढे निरोपांची देवाणघेवाण ही नुसती वाया जाणारी मिनिटं असतात. पण खरं कळणं आणि काही करता येणं यांत अंतर असतं, आणि त्या रात्री ते अंतर रस्त्याचं होतं. मालक दुसरीकडे, घर टेकडीवर, आत जमाव.

कॅमेऱ्याबद्दल इथेच लिहितो, कारण आज प्रत्येक होस्टला कुणीतरी कॅमेरा विकत असतं. घंटीतला कॅमेरा दारातून जाणाऱ्याला पाहतो. मागच्या अंगणातून, बाजूच्या फाटकातून आलेला त्याला दिसत नाही. तो नऊ वाजता जे दाखवतो ते कुणीतरी नऊ वाजता पाहिलं तरच उपयोगाचं. घराच्या आत कॅमेरे लावायला एअरबीएनबीने एप्रिल २०२४ अखेरपासून जगभर मनाई केली, आणि ते योग्यच केलं. पैसे मोजून राहायला आलेल्या माणसाला आत खासगीपण हवंच. बाहेरचा कॅमेरा आणि आवाजाची पातळी मोजणारं यंत्र आधी सांगून ठेवता येतं. यंत्र आवाज चढल्याचं फोनवर कळवतं. पण कळल्यावर कोण जाणार, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

आणि जाणाऱ्याने आत जायचं नाही. हे मी कळकळीने लिहितो, कारण आपल्या घरात कुणी धिंगाणा घालतं आहे हे कळल्यावर रागाने गाडी काढणारे मालक असतात. शंभर अनोळखी माणसांच्या घोळक्यात, दारू चालू असताना, एकट्याने शिरणं म्हणजे जिवाशी खेळ. फाटकाबाहेर, उजेडात थांबायचं, पोलिसांना माणसांचा अंदाज आणि गाड्यांची संख्या सांगायची, ते आले की मालक म्हणून पुढे होऊन ‘यांना इथे राहायची परवानगी मी रद्द केली आहे’ असं स्पष्ट सांगायचं. पोलिसांनाही तेच लागतं. मालकाच्या तोंडच्या शब्दाशिवाय भाडं भरलेल्या पाहुण्याला बाहेर काढताना त्यांचा हात अडतो.

भारतात या घटकेला कायदा थोडा स्पष्ट आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा ही रात्रीची वेळ. या काळात बंद सभागृहांसारख्या जागा सोडून ध्वनिक्षेपकाला बंदी, आणि निवासी भागात मर्यादा ४५ डेसिबलची. बंगल्याच्या अंगणातला स्पीकर दहानंतर बंद झाला पाहिजे, यासाठी मालकाला पाहुण्याशी वाद घालायची गरज नाही, नियमावर बोट ठेवता येतं. हा नियम बुकिंग घेतानाच सांगणारे आणि पाळून घेणारे मालक आहेत. त्यांच्या बंगल्याच्या शेजाऱ्यांना विचारा, रात्री झोप लागते का ते.

साडेदहाच्या आत

आवाजाची दुसरी तक्रार पोलिसांकडे गेली. मालकानेही पोलिसांना फोन केला होता. पोलीस निघाले होते. एव्हाना घरात आणि अंगणात मिळून शंभराहून जास्त माणसं होती.

पहिल्या तक्रारीपासून तासाभराहून जास्त वेळ गेला होता. या वेळात शेजाऱ्यांनी ऐकलं, कॅमेऱ्याने पाहिलं, मालकाने ओळखलं आणि पोलिसांना कळलं. चारही जण बरोबर होते.

पावणेअकरानंतर

गोळ्या झाडल्या गेल्या. माणसं खिडक्या-दारांतून, अंगणांतून, उतारावरून पळत सुटली. पोलीस पोचले तेव्हा पळणाऱ्यांचा लोंढा आणि जखमी एकाच वेळी समोर होते. मालक आणि त्याचं कुटुंब तिथे पोचायच्या आतच शेजाऱ्याचा निरोप आला, की गोळीबार झाला आहे. चार तरुण गेले. १९ वर्षांची मुलगी दुसऱ्या दिवशी रुग्णालयात मरण पावली. आणखी काही जण जखमी झाले. ही मुलं पार्टीला आली होती. बुकिंग कुणाच्या नावावर आहे, मालकाला काय सांगितलं आहे, याच्याशी त्यांचा काही संबंध नव्हता. ‘प्रॉब्लेम गेस्ट’ हा शब्द होस्ट सहज वापरतात, त्या रात्री मेलेल्यांना तो लावू नये.

नंतरचे दिवस

२ नोव्हेंबरला एअरबीएनबीचे मुख्य कार्यकारी अधिकारी ब्रायन चेस्की यांनी ‘पार्टी हाउस’वर बंदी जाहीर केली. पाठोपाठ कंपनीने सगळी घरं तपासून घेण्याचं वचन दिलं आणि शेजाऱ्यांसाठी तक्रारीची सोय जाहीर केली. ऑरिंडाच्या नगर परिषदेने काही दिवसांतच, मालक स्वतः राहत नसलेल्या घरांच्या अल्पमुदतीच्या भाड्यावर तात्पुरती बंदी घातली. नोव्हेंबरच्या मध्याला पोलिसांनी पाच जणांना अटक केली, पण पुरावा पुरेसा नसल्याने काउंटीच्या सरकारी वकिलांनी तेव्हा आरोप ठेवले नाहीत आणि त्यांना सोडावं लागलं.

कंपनीच्या आणि गावाच्या निर्णयांतला फरक मला महत्त्वाचा वाटतो. कंपनीने घरं आणि माणसं गाळायचं ठरवलं, गावाने घरात मालक असलाच पाहिजे असं म्हटलं. कंपनीचा पूर्वीचा मार्ग भरपाईचा होता. २०११ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एका बाईचं घर पाहुण्यांनी फोडून, लुटून ठेवलं होतं. तेव्हा कंपनीने ५० हजार डॉलरची हमी आणली, पुढच्या वर्षी ती दहा लाखांपर्यंत नेली. फुटलेल्या कपाटाची भरपाई अशा हमीतून होते. ऑरिंडानंतर हमीने भागणार नव्हतं, म्हणून गाळणी आली. २०२०च्या ऑगस्टमध्ये जगभर पार्ट्यांना बंदी आणि घरात १६ माणसांची मर्यादा. त्याच वर्षी हॅलोविनच्या सुट्टीत अमेरिका आणि कॅनडात अख्ख्या घराचं एका रात्रीचं बुकिंगच बंद. मालकाला २०१९ मध्ये जी शंका एकट्याने, एका निरोपाच्या आधारावर घ्यावी लागली, ती वर्षभराने कंपनीने नियमात लिहिली.

नियमाने बरंच अडतं, सगळं अडत नाही. १७ एप्रिल २०२२, ईस्टरच्या पहाटेआधी पिट्सबर्गमध्ये एअरबीएनबीवरून घेतलेल्या घरात दोनशेच्या वर तरुण-तरुणी जमले आणि गोळीबारात १७ वर्षांची दोन मुलं मेली. जगभरच्या बंदीला तेव्हा दीड वर्ष उलटून गेलं होतं.

आपल्याकडे हॅलोविनच्या जागी थर्टी फर्स्ट आहे. डिसेंबर लागला की लोणावळा, अलिबाग, महाबळेश्वर आणि उत्तर गोव्यातल्या बंगल्यांचे फोन वाजू लागतात, आणि मागणी एका रात्रीचीच असते. गोव्यात पर्यटकांना घर द्यायचं तर १९८२च्या कायद्याखाली पर्यटन खात्याकडे नोंदणी लागते, परदेशी पाहुणा आला तर त्याची माहिती २४ तासांत सरकारला कळवावी लागते. हे कागद झाले आणि ते करायलाच हवेत. पण ज्या मालकाला त्या रात्री मुंबईत स्वस्थ बसायचं आहे त्याने केअरटेकरशी आजच बोलावं. बुकिंग कुणाचं, माणसं किती, गाड्या किती, हे कागदावर लिहून त्याच्या हातात द्यावं. ठरल्यापेक्षा जास्त गाडी आली तर फाटक न उघडण्याचा अधिकार त्याला पाहुण्यांसमोर, फोनचा स्पीकर चालू ठेवून द्यावा. संध्याकाळी सात वाजता त्याने माणसं मोजावीत आणि आकडा कळवावा, आठ वाजता पुन्हा. स्थानिक पोलीस ठाण्याचा नंबर आणि ११२ त्याच्या खोलीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत असावा, आणि फोन करायला त्याला मालकाची परवानगी मागावी लागू नये. त्या रात्रीचा त्याचा पगारही वेगळा असावा, कारण तेव्हा तो बागेला पाणी घालण्याचं काम करत नसतो.